पावसाच्या रानात अतिवास्तव शिल्पबाग कशी उभारावी

कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळा या तालुक्यांत ज्यांची वडिलोपार्जित रानजमीन आहे, त्यांच्यापैकी काहींना तिथे फार्महाऊस, लॉन आणि फायबरचा जिराफ यांपलीकडचे काहीतरी करावेसे वाटते. झाडीत अर्धवट दडलेले खांब, कोठेही न पोहोचणारे जिने, माणसाहून मोठी सिमेंटची फुले अशी बाग मेक्सिकोत प्रत्यक्षात उभी आहे आणि तिची छायाचित्रे पाहून अनेकांच्या मनात ही कल्पना येते. ती इथे, आपल्या पावसात आणि आपल्याच कारागिरांच्या हातून कशी साकारता येईल, हे या लेखात सांगितले आहे. खर्चाचे आकडे दिलेले नाहीत, कारण वाहतुकीच्या अंतरानुसार ते गावागणिक बदलतात.

प्रथम मूळ बागेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण नुसती छायाचित्रे पाहून काम सुरू करणाऱ्याचा हमखास गैरसमज होतो. मेक्सिकोच्या सान लुइस पोतोसी राज्यात शिलित्ला या डोंगरी गावाजवळ, सुमारे 600 मीटर उंचीवरील उष्णकटिबंधीय अरण्यात लास पोसास ही बाग आहे. ओढ्यावरील नैसर्गिक कुंडांवरून तिला हे नाव मिळाले असून तिचा विस्तार 80 एकरांहून अधिक आहे. ती उभारणारा एडवर्ड जेम्स (1907–1984) हा श्रीमंत इंग्रज कवी अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट), म्हणजे ओळखीच्या वस्तू स्वप्नातल्यासारख्या मांडणाऱ्या, चित्रकारांचा आश्रयदाता होता. साल्वादोर दाली आणि रने माग्रीत या दोघांना त्याने आर्थिक पाठबळ दिले होते, आणि शेवंड बसवलेला दालीचा प्रसिद्ध टेलिफोनही त्याच्याच घरासाठी तयार झाला होता. शिलित्लाच्या रानात त्याने आधी सिमेंटचे काही बांधलेच नाही. तेथे त्याने हजारो आमरी, म्हणजे ऑर्किड, लावली. 1962 मध्ये अनपेक्षित हिम पडून त्यांतील पुष्कळशी नष्ट झाली, आणि त्यानंतर थंडीने न मरणारी सिमेंटची झाडे-फुले उभारण्याच्या कामाने जोर धरला. हे काम 1984 मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिले. त्यासाठी त्याने आपल्या संग्रहातील चित्रे विकली. कामाची देखरेख प्लुतार्को गास्तेलुम या त्याच्या मेक्सिकन सहकाऱ्याकडे होती आणि लाकडी साचे होसे आगिलार या सुताराच्या हातचे होते.

या इतिहासातील आपल्या उपयोगाची गोष्ट म्हणजे तो सुतार. जेम्सला चित्र सुचत असे, पण तो ना गवंडी होता ना अभियंता. त्याच्या कल्पनेला आकार मिळाला तो फळ्यांच्या साच्यात, आणि त्या बागेतील प्रत्येक वक्र रेषेवर लाकूडकामाची छाप आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, अशी बाग करू इच्छिणाऱ्याने शिल्पकाराच्या किंवा वास्तुविशारदाच्याही आधी उत्तम साचा करणारा सुतार शोधावा. सुदैवाने कोल्हापूरकराला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही; त्याविषयी पुढे येईलच.

जमीन आणि परवानगी

रान म्हटले की लोकांना राधानगरी अभयारण्याचा परिसर आठवतो, परंतु अभयारण्यात किंवा राखीव वनात असले कोणतेही काम करता येत नाही आणि तसा विचारही करू नये. जागा स्वतःच्या मालकीची असावी. तिच्या सातबारा उताऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना नीट वाचून खासगी वनाची किंवा वन विभागाची काही नोंद आहे का, हे पाहावे. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात जमीन येत असल्यास बांधकामावर वेगळे निर्बंध लागू होतात, त्यामुळे तहसील कार्यालय आणि वनपरिक्षेत्र कार्यालय या दोन्ही ठिकाणी लेखी विचारणा करूनच पुढे जावे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हेही शहरातील हौशी लोक विसरतात. झाडे तोडण्यासाठी परवानगी लागते हे खरे असले, तरी या कामात एकही झाड तोडू नये, असा नियम स्वतःवर घालून घेतला तर तो प्रश्नच उरत नाही. शिवाय बागही अधिक चांगली होते, कारण शिल्प झाडांच्या मधल्या मोकळ्या फटीत बसवावे लागल्याने त्याचा आकार आपोआप अनपेक्षित होतो.

उताराविषयी मात्र फार काळजी घ्यावी. आपल्या घाटमाथ्यावर पुष्कळ ठिकाणी वर जांभा आणि त्याखाली मऊ, चिकट माती असते. संततधार पावसात ही माती फुगते, वरचा थर सुटतो आणि डोंगर खचतो. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तर कोल्हापूर शहरात तो साधारण एक हजार मिलिमीटर असतो. म्हणजे शहरातील ठेकेदाराचा अंदाज इथे कामाला येत नाही. उतार कापून सपाटी करू नये, जेसीबी तर रानात नेऊच नये. जिथे कातळ किंवा घट्ट जांभा उघडा पडलेला आहे अशा जागा पावसाळ्यापूर्वी हेरून ठेवाव्यात आणि भर पावसात पुन्हा जाऊन पाणी कोठून वाहते हे पाहावे. खुणेसाठी झाडांना रंगीत चिंध्या बांधाव्यात. ज्या जागेने एक पूर्ण पावसाळा पाहिलेला नाही, तिथे पाया खणणे मला मान्य नाही.

मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ खणल्यास मुळे तुटतात आणि वादळात तेच झाड शिल्पावर येते. म्हणून पाया शक्यतो झाडाच्या पसाऱ्याबाहेर घ्यावा आणि तो एकसलग चर न खणता सुट्या चौकोनी खड्ड्यांत घ्यावा.

आकार कसे सुचवावेत

अतिवास्तव म्हणजे काहीही वेडेवाकडे, ही समजूत सर्वांत घातक आहे. माग्रीतने 1937 मध्ये एडवर्ड जेम्सचे जे चित्र काढले, त्यात एक मनुष्य आरशासमोर पाठमोरा उभा आहे आणि आरशातही त्याची पाठच दिसते. त्या चित्रातील बाकी सारे, म्हणजे कोट, केस आणि आरशासमोरील पुस्तकाचे प्रतिबिंब, अगदी यथातथ्य आहे. बिघडलेली आहे ती फक्त एकच गोष्ट. शिल्प योजतानाही हेच करावे. ओळखीची वस्तू घ्यावी, तिच्यातील एकच नियम मोडावा आणि बाकी सारे नियम काटेकोरपणे पाळावेत. लास पोसासमधील एका इमारतीचे नावच ‘तीन मजल्यांचे घर, ज्याला प्रत्यक्षात पाच, चार किंवा सहा मजले असतील’ असे आहे. ते घर आहे, त्याला खांब आहेत, जिने आहेत. ठाम नाही ती फक्त मजल्यांची संख्या.

आपल्याकडे ओळखीच्या वस्तूंची काय वाण आहे? देवळापुढची दीपमाळ घ्यावी आणि दिवे ठेवण्याच्या हातांऐवजी तिला अळूची पाने फुटलेली दाखवावीत. गुऱ्हाळातील काहील घ्यावी, पण ती पाच पट मोठी करून झाडांच्या उंचीवर तीन खांबांवर पालथी ठेवावी, म्हणजे ती छप्पर होते. तालमीतील मुद्गलांची रांग घ्यावी आणि ती चढत्या उंचीने ओढ्याकडे नेता नेता शेवटचा मुद्गल बांबूच्या कोंबात बदलावा. कौलारू घराचा नुसता कोनाडा, भिंतीशिवाय, एकटा उभा करावा. मेक्सिकोतील ऑर्किडे आणि साप इथे जसेच्या तसे आणण्यात काही अर्थ नाही, कारण आपल्या डोळ्यांना तिथला कोणता नियम मोडला आहे हेच कळत नाही, आणि जे कळत नाही ते चमत्कारिक न वाटता नुसते परके वाटते.

एक सावधगिरी सुचवतो. उभट, गोल माथ्याचा कोणताही दगड किंवा खांब रानात एकटा उभा केला, तर दोन वर्षांच्या आत त्यावर शेंदूर चढतो आणि नारळ फुटू लागतात. त्यानंतर ती बाग आपली राहत नाही आणि त्याबद्दल तक्रारही करता येत नाही. म्हणून पिंडीशी, तांदळ्याशी किंवा समाधीशी साम्य असणारे आकार टाळलेले बरे.

कल्पना ठरल्यावर कागदावरील रेखाटनावर थांबू नये. शाहूपुरी, गंगावेश किंवा बापट कॅम्प येथील कुंभार गल्ल्यांत मातीचे काम करणारे कसबी हात आहेत. गणपतीचा हंगाम संपल्यानंतर त्यांच्याकडून प्रत्येक शिल्पाचा एकास दहा प्रमाणातील मातीचा नमुना करून घ्यावा. तो चारही बाजूंनी फिरवून पाहावा, कारण रानात शिल्पाला समोरची बाजू अशी नसते. मग त्या नमुन्याचे तारेने आडवे काप घ्यावेत आणि प्रत्येक कापाची कड कागदावर गिरवून घ्यावी. हे काप दहापट मोठे केले की साच्याच्या आडव्या चौकटी तयार होतात, आणि सुताराला तोंडी समजावून सांगण्याचे निम्मे काम वाचते.

साचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील फाउंड्री उद्योगामुळे इथे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या वाळूत ठसा घेण्यासाठी लागणारी वस्तूची लाकडी प्रतिकृती, करणाऱ्यांची परंपरा आहे. ओतकामासाठी लागणारा पॅटर्न आणि सिमेंटच्या शिल्पासाठी लागणारा साचा हे एकमेकांच्या उलट असले, तरी दोन्हींत लागणारी बुद्धी एकच आहे: कोणता भाग कोणत्या दिशेने सुटेल, जोड कोठे घ्यावा, आणि वस्तू न मोडता साचा कसा निघेल. पॅटर्न वाळूतून अलगद उचलला जावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार देतात; तोच उतार साच्याच्या आतल्या बाजूंना द्यावा लागतो, नाहीतर घट्ट झालेल्या सिमेंटमधून फळी निघत नाही आणि ती ठोकून काढताना पाकळ्यांच्या कडा उडतात. घराच्या स्लॅबचे सेंटरिंग करणारा सुतार सरळ कामात कितीही तरबेज असला, तरी त्याला ही सवय नसते. म्हणून पॅटर्न करणाऱ्या एखाद्या अनुभवी, शक्यतो निवृत्त कारागिराला मुख्य ठेवून सेंटरिंगवाल्यांना त्याच्या हाताखाली द्यावे. मानधन ठरवताना मात्र हा क्रम दोघांनाही आधी स्पष्ट सांगावा, नाहीतर कामावर रोज तंटे होतात.

साचा असा बांधावा. कापांवरून जाड प्लायच्या चौकटी कापून त्या साधारण 30 सेंटिमीटर अंतराने एकावर एक आडव्या बसवाव्यात आणि त्यांच्या आतून अरुंद पट्ट्या उभ्या ठोकाव्यात. वळण सौम्य असेल तर चार-सहा मिलिमीटर जाडीचा प्लाय ओला करून वाकवता येतो. वळण तीव्र असेल तर पट्टीच्या मागच्या बाजूने करवतीने अर्ध्या जाडीपर्यंत जवळजवळ खाचा घ्याव्यात, म्हणजे ती न मोडता वाकते. पट्ट्यांमधील फटी पुटीने इतक्याच भराव्यात की सिमेंटचे पाणी गळणार नाही. त्या घासून गुळगुळीत करू नयेत. लाकडाच्या शिरा आणि पट्ट्यांच्या रेषा शिल्पावर उमटू द्याव्यात, कारण शेवाळ, नेचे आणि दगडफूल यांना धरून राहायला तेच खरबरीत अंग लागते. वरून गिलावा करून गुळगुळीत केलेले शिल्प पहिली दोन वर्षे बागेत आणून ठेवलेल्या सामानासारखे दिसते आणि पुढे तो गिलावाच फुगून सुटतो.

प्रत्येक साचा किमान तीन वेळा वापरता येईल अशा बेताने, नटबोल्टवर सुटणारा करावा. एकाच फुलाचा साचा उताणा ठेवला तर खांबाचा माथा होतो, पालथा ठेवला तर खांबाची बैठक होते, आणि अर्धाच भरला तर ओढ्याकाठी बसण्याची जागा होते. पाहणाऱ्याला कोठेतरी हे पूर्वी पाहिले आहे असे वाटते, पण कोठे ते आठवत नाही. साच्यांवर झालेला खर्चही त्यामुळे सत्कारणी लागतो.

सळई, माल आणि गंज

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण अशा बागा बिघडतात त्या याच ठिकाणी. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या अल्कतेमुळेच आतील सळईवर गंज न धरणारा पातळ थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू पृष्ठभागापासून आत शिरतो आणि ही अल्कता कमी करत नेतो. पृष्ठभागावरची अल्कता उतरली की तिथे शेवाळ धरते, जे आपल्याला हवेच आहे. परंतु हीच प्रक्रिया सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून तडकते, तड्यातून पाणी शिरते आणि पुढचे काम उंबराचे रोप करते. शेवाळाला वरून येऊ देणे आणि सळईला त्याच हवेपासून दूर ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात: सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण ठेवणे आणि ते काँक्रीट घट्ट असणे.

सतत ओलसर आणि पुन्हा सुकणाऱ्या जागेसाठी भारतीय मानकाप्रमाणे सळईवर 45 मिलिमीटर आवरण ठेवावे लागते. गवंडी सवयीने 20 किंवा 25 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे, आणतात. ते परत पाठवावेत. आता अडचण अशी की, दोन्ही बाजूंनी 45 मिलिमीटर धरले तर सळईसह कोणताही भाग दहा-अकरा सेंटिमीटरपेक्षा पातळ होऊ शकत नाही, आणि दहा सेंटिमीटर जाडीची पाकळी ही पाकळी न राहता पाट होते. यावर मार्ग असा की, भार वाहणारे खांब, तुळया आणि पायऱ्या यांसाठीच सळईचे काँक्रीट वापरावे, आणि पाकळ्या, पाने, कमानींच्या कडा असे नाजूक भाग फेरोसिमेंटमध्ये करावेत. जस्ताचा मुलामा दिलेल्या वेल्डमेशला (तारा जोडून केलेल्या ताठ जाळीला) आकार देऊन त्यावर दोन्ही बाजूंनी कोंबडीजाळीचे थर बांधायचे आणि एकास दोन प्रमाणातील घट्ट सिमेंट-वाळूचा माल हाताने दाबून भरायचा, अशी ही पद्धत आहे. 25 ते 30 मिलिमीटर जाडीत उत्तम पाकळी होते. जाळी कोठेही उघडी दिसता कामा नये.

मालाचे प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी हे नेहमीचे आहे आणि लहान शिल्पांना ते चालते. माणसे ज्याखालून जाणार किंवा ज्यावर चढणार, अशा कामासाठी मात्र अभियंत्याकडून याहून वरच्या दर्जाचे मिश्रण ठरवून घ्यावे. नुकसान होते ते बहुधा पाण्यामुळे. या मिश्रणाला 50 किलोच्या गोणीमागे 30 लिटर ही पाण्याची कमाल मर्यादा आहे. घाटातील कामात 25 लिटरच्या आत राहावे आणि माल फारच कोरडा वाटल्यास पाणी न वाढवता प्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल मऊ करणारे रसायन) वापरावा. वाळू भिजलेली असेल तर तिच्यातील पाणी यातून वजा धरावे. गवंडी घमेल्यात माल पातळ करून मागतो, कारण पातळ माल साच्यात आपोआप उतरतो. पण सुकताना जादा पाण्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि हवा-पाणी त्याच वाटेने सळईकडे जाते. पाण्याचे माप लिटरच्या डब्याने घ्यावे, पाइपने सोडू नये.

वजनाचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब देतो. 30 सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन मीटर उंचीचा साधा गोल खांब सुमारे 0.21 घनमीटर भरतो. त्याला जेमतेम दोन गोण्या सिमेंट लागते, परंतु त्याचे वजन पाचशे किलोच्या पुढे जाते. असे तीन खांब आणि त्यांवर काहिलीचे छप्पर म्हणजे कित्येक टन ओझे ओल्या मातीवर उभे राहते. म्हणून तीन मीटरपेक्षा उंच, अधांतरी पुढे आलेले किंवा माणसे चढू शकतील असे प्रत्येक शिल्प संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे. अभियंता पहिल्या भेटीत हसेल. नमुना दाखवावा, काप दाखवावेत, मग तो कामाला लागतो.

पूर्ण काम दिवाळीनंतर पाऊस निश्चित उघडल्यावर सुरू करून वळवाच्या आधी ओतकाम संपेल असे आखावे. ओतलेला माल व्हायब्रेटरने किंवा सळईने नीट दाबून बसवावा. साच्याच्या उभ्या बाजू दुसऱ्या दिवशी सोडता येतात. अधांतरी भागाखालच्या बल्ल्या मात्र तीन आठवडे हलवू नयेत. खांबांभोवती गोणपाट गुंडाळून किमान दहा दिवस, उन्हाळ्यात दोन आठवडे, पाणी मारावे. फेब्रुवारीनंतर वरच्या ओढ्यांना पाणी राहत नाही, ही गोष्ट काम सुरू करण्याआधीच लक्षात घेऊन टाकीची सोय करावी, नाहीतर पाणी मारण्याच्या ऐन दिवसांत टँकरला रस्ता नाही असे समजते.

जिने आणि कुंडे

कोठेही न पोहोचणारा जिना हे या प्रकारच्या बागेचे सर्वांत मोठे आकर्षण असते आणि सर्वांत मोठा धोकाही तोच असतो. शेवाळलेल्या पायरीवर कोणीही घसरतो, आणि फोटोसाठी लोक कोठेही चढतात. कठडा लावला तर स्वप्न मोडते, न लावला तर हाड मोडते. मी सुचवतो तो उपाय असा की, जिना जमिनीपासून सुरूच करू नये. त्याची पहिली पायरी अडीच मीटर उंचीवर, एका खांबातून बाहेर आलेली असावी. वर जाण्याची वाट स्पष्ट दिसते, पण तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. ज्या एका नियमाचा भंग आपण शोधत होतो तो इथे सापडतो आणि कठड्याचीही गरज उरत नाही. ज्या जिन्यावर चढू द्यायचेच आहे, त्याच्या पायऱ्या 15 ते 17 सेंटिमीटर उंचीच्या, एकसारख्या आणि पुढे किंचित उतरत्या असाव्यात, त्यांवर आडव्या खाचा असाव्यात आणि कठडा मजबूत असावा. वेलीच्या आकाराचा कठडाही तितकाच मजबूत करता येतो.

कुंडांच्या बाबतीत मेक्सिकोची नक्कल करण्याचा मोह आवरावा. तेथील बाग धबधब्याच्या वाहत्या पाण्यावर उभी आहे. आपले बहुतेक लहान ओढे पावसाळ्यात उफाळतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात, शिवाय त्यांवर खालच्या वस्तीचा आणि जनावरांचा हक्क असतो. ओढ्याला आडवी भिंत घालू नये. त्याऐवजी कोरड्या दिवसांतही पाहण्यासारखे राहील असे काम पात्राच्या कडेला, पुराच्या खुणेच्या वर करावे. पाणी साठू शकेल अशा शिल्पाच्या प्रत्येक खोलगट भागाला, फुलाच्या पेल्यालासुद्धा, खालून 20 मिलिमीटर व्यासाची नळी ओततानाच ठेवावी. नाहीतर बाग डासांची होते. छपराच्या कडेला खालच्या बाजूने बोटभर रुंदीची खाच ठेवावी, म्हणजे पागोळी तिथेच तुटते आणि पाणी उलटे वाहत खांबावर येत नाही. पोकळ शिल्पांची तोंडे जाळीने बंद करावीत, कारण त्यांत साप राहतात आणि त्यांच्याशी आपले भांडण असण्याचे कारण नाही. रात्रीचे दिवे लावू नयेत. गव्यांची वाट बागेतून जात असेल तर त्या वाटेवर काहीही उभे करू नये. गवा शिल्पाला वळसा घालत नाही.

पहिल्या पावसानंतर

शेवाळ लवकर यावे म्हणून ताक, शेण किंवा भाताची पेज फासण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. आपल्या घाटात त्यांची गरज नाही. नव्या काँक्रीटची अल्कता उतरण्याआधी काही लावून उपयोग होत नाही आणि ती उतरल्यावर काही लावावे लागत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत सावलीकडील बाजू हिरवी होते. लास पोसासमधील शिल्पांना एकेकाळी रंग दिलेले होते. आज त्यांचे थोडेच अंश उरले आहेत आणि ते उरलेले अंशच सर्वांत देखणे दिसतात. रंग द्यायचाच असेल तर तेलरंग किंवा प्लास्टिक रंग न देता चुन्यात गेरू किंवा पिवळी माती कालवून द्यावी, म्हणजे तो पापुद्रे न धरता विरत जातो.

झाडे लावताना बाहेरून काही आणू नये. जागेवरचे नेचे, रानकेळ, कारवी आणि फांद्यांवर आपसूक येणाऱ्या आमरी पुरेशा आहेत. रानातून आमरी उपटून शिल्पावर बांधणे हा गुन्हाही ठरू शकतो आणि ती जगतही नाही. वादळात पडलेल्या स्वतःच्याच जमिनीतील फांदीवरची आमरी मात्र काथ्याने खरबरीत अंगावर बांधून पाहण्यास हरकत नाही.

देखभाल दरवर्षी दोनदा करावी, मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर. शेवाळ, दगडफूल आणि नेचे यांना हात लावू नये. वड, पिंपळ आणि उंबर यांचे बोटभर रोपही फटीत दिसले तर मुळासकट काढावे, कारण पुढच्या वर्षी ते निघत नाही. तांबूस ओघळ दिसला तर तो गंज आहे असे समजून ती जागा हातोडीने ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला तर सुटलेले काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन लगेच भरून घ्यावे. बांधकाम मुद्दाम अर्धवट दिसावे म्हणून वर सळया उघड्या ठेवण्याची हौस करू नये. उघडी सळई गंज थेट खांबाच्या गाभ्यात नेते. अपुरेपणा आकारात असावा. तुटलेली कमान करायची असेल, तर तिचे तुटलेले टोकसुद्धा साच्यात ओतलेले आणि 45 मिलिमीटर आवरणाचे असावे.

एडवर्ड जेम्सच्या मृत्यूनंतर त्या बागेची बरीच वर्षे पुरेशी निगा राहिली नाही. 2007 मध्ये एका न्यासाने राज्य सरकार आणि एका सिमेंट कंपनीच्या साहाय्याने ती विकत घेतली, त्यानंतर तिचे जतन सुरू झाले. आपल्या बागेला असा न्यास मिळेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक शिल्पासाठी एक वही ठेवावी आणि तीत कापांची चित्रे, सळईचे व्यास आणि जागा, ओतल्याची तारीख, मालाचे प्रमाण, पाण्याच्या नळ्या कोठे निघतात, हे सारे लिहावे. माल ओतण्यापूर्वीचे सळईच्या पिंजऱ्याचे छायाचित्र तीत चिकटवावे. एक प्रत अभियंत्याकडे आणि एक साचे करणाऱ्या कारागिराकडे द्यावी. जमिनीच्या वाटण्या होतील तेव्हा बागेचा गट एकाच वारसाकडे राहील आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या साफसफाईचा खर्च कोणत्या उत्पन्नातून निघेल, हेही मृत्युपत्रात नोंदवून ठेवावे.